वाचनगट : अनुवादित युद्धकथा आणि आपलं गाव. काय वाचावं, कसं वाचावं?

वैनगंगाकाठ (पवनी तालुका, भंडारा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय 'ड' वर्गाचं आहे. तिथं दहा-बारा जणांचा वाचनगट सुरू करतो आहोत. दुसऱ्या भाषांतून आलेल्या युद्धकथा वाचायच्या आणि त्यांच्या आधारानं घर, गाव, आपलेपणा यावर बोलायचं, असा विषय ठरला आहे. गटात कॉलेजची पोरं-पोरी, दोन शिक्षक आणि एक निवृत्त फौजी आहेत. शिवाय गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यामुळं नव्या गावठाणात राहायला आलेली तीन-चार माणसं आहेत. त्यांच्यातल्या दोन आजींना वाचता येत नाही, पण ऐकायला येणार म्हणतात.

जाड कादंबरी घेतली तर दुसऱ्या बैठकीला निम्मी माणसं गळतील याची काळजी आहे. रशियन, व्हिएतनामी, अरबी नावं लक्षात राहत नाहीत. हाती आलेला अनुवाद पूर्ण आहे की कापलेला, हे कसं ओळखावं? आणि सगळ्यात महत्त्वाचं : बुडीत गावच्या लोकांना साक्षीला उभं केल्यासारखं न होता गावाचा विषय कसा निघावा? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

मोहफूल

भाऊ, कादंबरीनं सुरुवात करूच नका. पहिली बैठक बसल्या बसल्या वाचून होईल अशा एका कथेची ठेवा. चंद्रधर शर्मा गुलेरींची 'उसने कहा था' घ्या. १९१५ साली 'सरस्वती' मासिकात आली होती. ती मुळात हिंदीच आहे, म्हणजे अनुवादाचा प्रश्न पुढच्या बैठकीवर गेला, आणि आपल्याकडं हिंदी सगळ्यांना समजते. मोठ्यानं वाचायला पाऊण तास लागतो.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात थंडीनं आखडलेली शीख पलटण आहे, तिच्यात जमादार लहनासिंग आहे, आणि त्याच्या गावी अंगणात त्यानं स्वतः लावलेला आंबा आहे. आंबा कथेत दोनदा येतो. आधी खंदकातल्या गप्पांत : मरण यावं तर डोकं भावाच्या मांडीवर असावं आणि वर त्या आंब्याची सावली. नंतर मरताना : पुतण्या जन्मला त्याच महिन्यात आंबा लावला होता, म्हणून दोघं एकाच वयाचे. त्यानंतर कथा संपते ती वर्तमानपत्रातल्या मृतांच्या यादीनं. यादीचा क्रमांक, मैदानात जखमांनी मेला, पलटण, हुद्दा, नाव. बस्स.

बैठकीत एकानं आंब्याचा शेवटचा भाग वाचावा, दुसऱ्यानं लगेच यादीची ओळ वाचावी. मग गटाला एकच विचारा : या यादीत काय लिहिलं गेलं नाही? गावाचा विषय इथून आपणहून निघतो. पार्श्वभूमीला पाच मिनिटं पुरतात. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौजेच्या पहिल्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या आणि युरोपचा पहिला हिवाळा त्यांनी पुरेशा गरम कपड्यांशिवाय काढला. पूर्ण महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं समुद्रापार गेली. फ्रान्समध्ये न्यूव शापेलला ज्यांची कबर सापडली नाही अशांचं स्मारक आहे, त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत.

दुसऱ्या बैठकीला मंटोची फाळणीवरची कथा 'टोबा टेकसिंग'. लढाई नाही, पण माणसाचं गाव एका फर्मानानं सीमेच्या कोणत्या बाजूला गेलं हे त्यालाच कोणी सांगू शकत नाही, हा प्रश्न यापेक्षा नेमका कुठं मांडलेला मला माहीत नाही.

मग रेमार्कची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (मूळ जर्मन, पुस्तकरूपात १९२९). बारा प्रकरणं आहेत. ज्यांना जमेल त्यांनी घरी पूर्ण वाचावी, बैठकीत मात्र फक्त सातवं प्रकरण घ्या. पाऊल नावाचा जर्मन शिपाई रजेवर घरी येतो ते हे प्रकरण. त्यात काय काय आहे पाहा : आजारी आई, भिंतीवरची फुलपाखरांची पेटी, अंगाला आखूड झालेला साधा सूट, आघाडीच्या गोष्टी ऐकायला उतावीळ झालेला बाप, स्वतःच्या खोलीतली पुस्तकं ज्यांच्यात आता मन लागत नाही, आणि मेलेल्या मित्राच्या आईची भेट. घर होतं तिथंच आहे, पण तो त्यात बसत नाही. माझं म्हणणं एवढंच की युद्धकथेत घर रजेच्या आणि परतीच्या पानांत सापडतं. गोळीबाराची पानं वगळायची नाहीत, पण वेळ खर्च करायचा तो रजेच्या पानांवर. बहुतेक गट उलटं करतात आणि मग चर्चा तोफांच्या मापांवर जाते.

शेवटी पॅलेस्टिनी लेखक घस्सान कनफानीची 'हैफाला परत' (मूळ अरबी, १९६९). लघुकादंबरी आहे, दोन बैठकींत होते. एप्रिल १९४८ मध्ये हैफा शहर सोडताना सईद आणि सफिया या पॅलेस्टिनी जोडप्याचं तान्हं बाळ घरातच राहून जातं. १९६७ च्या युद्धानंतर वाट मोकळी होते तेव्हा ते स्वतःचं घर बघायला जातात. दार उघडते ती आता तिथं राहणारी बाई, जी स्वतः युरोपातल्या ज्यूंच्या संहारातून वाचून आलेली आहे. दोन बाजूंना दोन बेघर माणसं आणि मध्ये एकच घर. हे पुस्तक आधी घेऊ नका. गट एकमेकांना सरावला की मगच.

जुनी आवृत्ती

अनुवाद तपासण्याबद्दल विचारलं आहे, ते सांगतो.

सगळ्यात आधी मुखपृष्ठाच्या आतलं, प्रकाशनाची माहिती असलेलं पान वाचा. मूळ पुस्तकाचं नाव, मूळ भाषा आणि साल दिलं आहे का, आणि अनुवाद थेट मूळ भाषेतून आहे की इंग्रजीवरून, हे बघा. जर्मन, रशियन, अरबी पुस्तकं मराठीत बहुधा इंग्रजीच्या वाटेनं आलेली असतात. त्यात कमीपणा नाही, पण मग कोणत्या इंग्रजी आवृत्तीवरून हा प्रश्न उरतो. 'संक्षिप्त', 'स्वैर', 'रूपांतर', 'भावानुवाद' यांपैकी काही छापलं असेल तर तो पूर्ण मजकूर समजू नका.

त्यानंतर प्रकरणं मोजा. रेमार्कची बारा नसतील तर कापलेली प्रत आहे. बारा असूनही आतून कापलेली असू शकते, आणि याचं कारण ठाऊक असलेलं बरं. ए. डब्ल्यू. व्हीन यांचा इंग्रजी अनुवाद १९२९ सालीच आला, पण त्याच वर्षीच्या अमेरिकी आवृत्तीतून काही प्रसंग गाळले होते. ते कापलेलं रूप पुढं अनेक वर्षं छापलं गेलं. त्यावरून कोणी अनुवाद केला तर मराठीतही तीच भोकं येणार. तपासायला दोन जागा पुरे आहेत. पहिल्या प्रकरणात शिपाई उघड्या माळावर शौचाच्या खोक्यांवर गोलात निवांत बसून गप्पा मारतात. दहाव्या प्रकरणात इस्पितळातल्या लेवांडोव्स्कीला त्याची बायको भेटायला येते आणि वॉर्डातले सगळे त्या दोघांना एकांत मिळवून देतात. हे दोन्ही प्रसंग असतील तर प्रत ठीक आहे. हे प्रसंग घर या विषयालाही जवळचे आहेत. घर हातचं गेल्यावर माणसं मोडक्या सामानात घरपण कसं उभं करतात ते तिथंच दिसतं, म्हणून कापलेली प्रत तुमच्या गटासाठी उपयोगाची नाही.

नावांसाठी पुठ्ठ्याचा एक तक्ता करा आणि भिंतीला टांगा. चार रकाने : पूर्ण नाव, घरात हाक मारतात ते नाव, नातं, कुठला. रशियन नाव मराठी माणसाला खरं तर अवघड जायला नको. स्वतःचं नाव, मग वडिलांच्या नावावरून आलेलं मधलं नाव, मग आडनाव, हीच आपली रीत. गोंधळ होतो तो एकाच माणसाला लेखक कधी पहिल्या दोन नावांनी, कधी आडनावानं, कधी लाडानं बोलावतो म्हणून. रामराव, राम्या आणि देशमुखसाहेब हा एकच माणूस आहे हे आपल्याला कळतं ना, तसंच ते. तक्त्यात दहाच्या वर नावं घालू नका. ज्यांचं घर पुस्तकात दिसतं तीच पात्रं घ्या.

नकाशे जुने-नवे दोन्ही हवेत, कारण गावांची नावं बदलतात. व्होल्गेवरचं त्सारित्सिन १९२५ मध्ये स्टालिनग्राड झालं आणि १९६१ मध्ये व्होल्गोग्राड. एकाच आजीच्या हयातीत तीन नावं! मोबाइलवर स्टालिनग्राड शोधून पोरं गोंधळतात. टोबा टेकसिंग मात्र आजही त्याच नावानं पाकिस्तानी पंजाबात आहे.

रशियन लेखक ग्रोसमनची दुसऱ्या महायुद्धावरची कादंबरी 'लाइफ अँड फेट' पूर्ण घेऊ नका. प्रचंड मोठी आहे, पात्रांची यादीच पानोपानी चालते. तिच्यातलं एक प्रकरण सुटं वाचता येतं : ज्यूंच्या वस्तीत कोंडलेली डॉक्टर आई आपल्या मुलाला शेवटचं पत्र लिहिते ते. घरातून निघताना तिनं बरोबर काय काय घेतलं त्याची यादी त्या पत्रात आहे. ग्रोसमनची स्वतःची आई १९४१ मध्ये बर्दिचेवला मारली गेली होती, आणि या पुस्तकाचं हस्तलिखित १९६१ मध्ये जप्त झालं. ते छापून आलं १९८० साली, लेखक गेल्यावर, आणि तेही देशाबाहेर.

पांदणवाट

मोहफूल ताईंच्या क्रमातली एक गोष्ट मला पटत नाही. मंटो दुसऱ्याच बैठकीला घेऊ नका. गट नवा असताना फाळणी निघाली की पंधरा मिनिटांत भारत-पाकिस्तान सुरू होतं आणि कथेतला बिशनसिंग बाजूला राहतो. दूरच्या देशाची कथा आधी घ्यावी. जर्मन पोराच्या घराबद्दल बोलताना कोणाची बाजू घ्यावी लागत नाही, म्हणून लोक घराबद्दल बोलतात. ती सवय लागल्यावर मंटो घेतला तर माणसं बिशनसिंगाजवळ थांबतात.

आता बुडीत गावच्या मंडळींबद्दल. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग आहे. 'तुमचं गाव गेलं तेव्हा कसं वाटलं?' हे कोणीही, कधीही विचारायचं नाही, हे बैठकीआधी पोरांना बजावून सांगा. सर्वेक्षणवाले, पत्रकार, विद्यार्थी यांनी तो प्रश्न त्यांना फार विचारलेला असतो, आणि उत्तर देऊन हाती काही आलेलं नसतं. कथेचा फायदाच हा आहे की बोलणं पात्राबद्दल चालतं. ज्याला स्वतःचं सांगायचं आहे तो पात्राच्या आडून सांगतो, नाही त्यानं गप्प बसावं. याच कारणानं स्वेतलाना अलेक्सिएविच यांची पुस्तकं या गटात पहिल्या फेरीत घेऊ नका. ती थोर आहेत, पण त्या कथा नव्हेत, खऱ्या माणसांच्या साक्षी आहेत. साक्ष वाचली की ऐकणाऱ्यालाही साक्ष द्यावी लागेल असं वाटू लागतं.

प्रश्न वस्तूंवर ठेवा. 'घर म्हणजे काय?' असं विचारलं की सुभाषितं येतात : जिथं माया तिथं घर, वगैरे. ती आली की बैठक संपलीच समजा. त्याऐवजी असं विचारा : पात्र घरात शिरल्यावर पहिल्यांदा कशाकडं पाहतं? कोणती वस्तू जागेवर आहे, कोणती हललेली आहे? दार कोण उघडतं, बसायला कोण सांगतं? कनफानीच्या पुस्तकात सईद वीस वर्षांनी स्वतःच्या दिवाणखान्यात येतो आणि त्याला फुलदाणीतली मोरपिसं दिसतात. सात होती, आता पाच आहेत. तो त्या दोन पिसांचं विचारतो. एवढ्या एका जागेवर अर्धा तास बोलता येतं. जमीन, कागद, मोबदला हे सगळं हिशेबात येतं. दोन मोरपिसांची नोंद कोणत्याच पंचनाम्यात होत नाही. नव्या गावठाणात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले असतील तर जुनी आळी तुटते, शेजार तुटतो, आणि सातबाऱ्यावर किंवा आठ-अ वर शेजार नावाचा रकाना नसतो. हे तुम्ही बोलू नका. मोरपिसांवर बोलणं चाललं की कोणीतरी स्वतः बोलेल.

फौजीदादांनाही जपा. प्रत्येक पानाला 'दादा, खरंच असं असतं का?' सुरू झालं की बैठकीची मुलाखत होते, आणि त्यांना नको त्या गोष्टी आठवायला लागतात. त्यांना एक ठराविक काम द्या. सेक्शन म्हणजे दहाएक माणसं, प्लाटून तीसेक, कंपनी शंभर-सव्वाशे, बटालियन आठशेच्या घरात. जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार. हे समजावायला त्यांच्याइतकं योग्य कोणी नाही. पुढं काय बोलायचं ते त्यांचं ते ठरवतील.

मोहफूल

पांदणवाट दादा, मंटोबद्दल तुमची भीती रास्त आहे, तरी मी त्याला दुसराच ठेवीन. लहान आहे, आणि आज्यांना लगेच भिडणारी गोष्ट आहे. फक्त एक नियम लावा : पहिली वीस मिनिटं कथेत नसलेलं एकही नाव, देश किंवा पुढारी काढायचा नाही. जे बोलायचं ते कथेतल्या ओळीवर बोट ठेवून. गट चालवणाऱ्यानं घड्याळ समोर ठेवावं आणि नियम स्वतःपासून पाळावा. ज्या गटात राजकारणाची खुमखुमी फार असेल तिथं मात्र दादा म्हणतात तसं शेवटी घ्या.

बाओ निन्हची 'द सॉरो ऑफ वॉर' राहिलीच. व्हिएतनामची. युद्ध संपल्यावर किएन मेलेल्या साथीदारांचे अवशेष गोळा करत जंगलात फिरतो, मग हनोईत परततो आणि रात्र रात्र लिहीत बसतो. काळ सारखा मागंपुढं होतो, एकाच पानात दहा वर्षांची उडी. भिंतीवर तीन रकाने करा : युद्धाआधी, युद्धात, युद्धानंतर. प्रसंग चिठ्ठीवर लिहून चिकटवत जा. पहिल्या फेरीत हे पुस्तक नकोच. दुसऱ्या वर्षी घ्या.

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मोरपिसांची गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो. वस्तूंवरचे प्रश्न आम्ही नक्की घेणार. मंटो कुठं ठेवायचा ते गटातल्या शिक्षकांशी बोलून ठरवतो.

अजून दोन शंका. बैठका कधी घ्याव्या आणि एका बैठकीत मोठ्यानं किती वाचून होतं? आणि प्रत एकच असली तर झेरॉक्स काढून वाटाव्या का?

धानबांधी

वेळेचं आधी. तुमचा भाग धानाचा. जून ते ऑगस्ट पऱ्हे, रोवणी, निंदण यात कोणी येत नाही. कापणी-मळणी ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पुरते. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा, दंडारीचे खेळ, आणि मग झाडीपट्टीची नाटकं रात्रभर. म्हणजे हिवाळ्यात रात्रीची बैठक लावली तर नाटकासमोर टिकणार नाही, आणि टिकावी असा हट्टही धरू नये. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत रविवारी दुपारी दोन ते चार ठेवा. मार्चअखेर मोहफुलं वेचणं सुरू होतं, बाया पहाटेच रानात जातात आणि दुपारी थकलेल्या असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पंधरवड्याला एक बैठक म्हटली तर चार-पाच बैठका होतात. मोहफूल ताईंची यादी, कनफानीच्या दोन बैठकी धरून, तेवढ्यात बसते. ग्रोसमनचं पत्र शेवटच्या दिवशी वेळ उरला तर.

मोठ्यानं वाचताना मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात, त्याहून घाई करू नका. साध्या छपाईचं तीनशे शब्दांचं पान म्हणजे जवळपास तीन मिनिटं. तासाला वीस पानं. दोन तासांच्या बैठकीत तासाभराच्या वर वाचन ठेवलं तर बोलायला वेळ उरत नाही. रेमार्कचं सातवं प्रकरण मोठं आहे, ते पूर्ण वाचून होणार नाही. घरी पोहोचणं, सूट, खोलीतली पुस्तकं आणि मित्राची आई हे चार तुकडे आधी खुणा करून ठेवा, मधलं दोन-दोन वाक्यांत तोंडी सांगा. वाचणारे दोघं असावेत, दर पंधरा मिनिटांनी बदलायचं. एकाच आवाजानं ऐकणारे पेंगतात, दुपारी तर हमखास.

मजकूर वाचायचा तो छापलेल्या मराठीत किंवा हिंदीत, जसा आहे तसा. समजावताना मात्र आपल्या बोलीत बोला. आज्या प्रश्न विचारतील तोही बोलीतच, आणि त्याला उत्तर पुस्तकी भाषेत दिलं की त्या पुन्हा विचारत नाहीत.

झेरॉक्सचं असं आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. गुलेरी १९२२ ला गेले, त्यांची कथा मोकळी आहे, हव्या तेवढ्या प्रती काढा. मंटो १९५५ ला गेले, मूळ उर्दू मजकूर २०१६ पासून मोकळा आहे. पण मराठी किंवा हिंदी अनुवाद हा अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, तो मोकळा धरू नका. रेमार्क १९७० ला गेले, कनफानी १९७२ ला. दोघांचंही अजून हक्कात आहे. पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स वाटू नका. प्रकाशित पुस्तकातले वाजवी उतारे लोकांसमोर मोठ्यानं वाचायला कायद्यात सूट आहे, आणि तुमच्या बैठकीची गरज तेवढ्यात भागते.

बारा माणसांना तीन प्रती पुरतात : दोन वाचणाऱ्यांच्या हातात, एक घरी फिरवायला, आठवड्याला एकाकडं. फिरत्या प्रतीला वहीच्या कागदाचं कव्हर घाला आणि आत कोरी पट्टी चिकटवा, त्यावर वाचणाऱ्यानं फक्त पान क्रमांक आणि खटकलेली किंवा आवडलेली वस्तू लिहायची. पुढच्या बैठकीचे प्रश्न त्या पट्टीवरून काढा. पुस्तकावर पेनानं खुणा करू देऊ नका, पेन्सिल चालेल. आणि आज्यांसाठी खुर्च्या सांगा, दोन तास सतरंजीवर त्यांचे गुडघे राहत नाहीत.